न वाजणारा पट्टा

जनावरांची डॉक्टरीण रविवारी सकाळी आली, तेव्हा खोगीरवाल्यांची सून अंगणात एक जुनं खोगीर उसवत बसली होती. ओढा आटला, कुरणं जळाली, तशी लोकांनी घोडी विकून टाकली. घोडी गेली तर खोगीरवाल्याच्या घरात काम काय राहणार? महिनाभर त्या घरात पिशव्यांचे कान आणि चपलांचे पट्टे एवढंच शिवलं जात होतं. उसवलेलं खोगीर कापून त्याच्या पिशव्याच करायच्या होत्या.

डॉक्टरीण बुटकी, उन्हानं रापलेली. खांद्यावर कापडी गवसणीत काहीतरी लांबट.

"खोगीरवाले कुठे आहेत?"

"हे काय, समोरच," सून म्हणाली. सासरे भिंतीला टेकून कातडं कापायच्या रापीला धार लावत होते. "पण मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

डॉक्टरीण त्यांच्यासमोर वाकली. "आजोबा, मला बंदुकीला पट्टा हवाय. न वाजणारा."

सासऱ्यांनी कानामागे हात धरला. "वाजणारा? घुंगरं लावून देऊ की. किती लावू?"

सुनेला हसू आवरेना. डॉक्टरीणही हसली आणि तिनं गवसणी सोडली. बंदूक निघाली. नळी लांब, दस्ता काळा, आणि दोन टोकांना दोन लोखंडी कड्या. तिनं बंदूक उचलून हलवली. कड्या खणखणल्या. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं.

सासऱ्यांना ते कळलं. त्यांनी रापी खाली ठेवली.

ही मारायची बंदूक नव्हती. हिच्यातून भुलीच्या औषधाची सुई उडायची. डॉक्टरीण जंगलखात्याची होती आणि ती त्या अस्वलाच्या मागावर होती. अस्वल सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. महिन्याभरात त्यानं तिघांना लोळवलं होतं. त्याच्या गळ्यात तारेचा फास अडकलेला आहे हे मात्र डॉक्टरिणीनं सांगितलं तेव्हाच कळलं. तिनं दुर्बिणीतून पाहिला होता. फास रुतून मान कुजत चालली होती.

"दोनदा झऱ्यावर दबा धरून बसले," ती म्हणाली. "तेवढंच पाणी उरलंय, तिथं ते येतंच. पहिल्यांदा पट्ट्याचं बकल वाजलं. दुसऱ्यांदा सुयांच्या डबीचं झाकण टक् करून उघडलं. संपलं. त्याला दिसतं कमी, पण कान फार तिखट. आणि बाजारातलं सगळं सामान उजव्या हाताच्या माणसासाठी. मी डावखुरी. पिशवी उघडायची तर हात पोटावरून फिरवून न्यावा लागतो."

"कधी पाहिजे?" सुनेनं विचारलं.

"गुरुवारी दुपारी. शुक्रवारी शिकारी येणार आहेत. तीन गावांनी मिळून बोलावलेत. त्यानंतर मला काही करता येणार नाही."

आतून खाट करकरली. घरातला कर्ता पुरुष, म्हणजे सुनेचा नवरा, तीन आठवडे तिथंच पडून होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात. त्या तिघांतला पहिला तोच होता. डोंगरात साल आणायला गेला होता, कातडं कमवायला लागते ती. अस्वल अंगावर आलं आणि तो घळीत पडला.

"ज्यानं माझा पाय मोडला," तो आतून म्हणाला, "त्याच्यासाठी माझ्याच घरात पट्टा शिवायचा का?"

सून डॉक्टरिणीच्या तोंडाकडे पाहत राहिली. सासऱ्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ते बंदुकीची कडी बोटानं फिरवत होते.

"धातू नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे बकल नाही, बटण नाही, कडी नाही. मग उरलं काय? कातडं आणि दोरा. ते तर आम्हाला येतंच." त्यांनी वर पाहिलं. "बाई, उभ्या राहा. बंदूक धरा. आणि खरंच धरा. फोटोला धरतात तशी नको."

डॉक्टरिणीनं बंदूक डाव्या खांद्याला लावली. सासऱ्यांनी कमरेची सुतळी काढली आणि तिच्या मापांना गाठी मारत गेले. खांद्यापासून कोपर, पाठीवरून कंबर, बसल्यावर किती, वाकल्यावर किती. त्यांच्या सुतळीवर पंचवीस वर्षं घोडी मोजली गेली होती, आता एक बाईमाणूस मोजलं जात होतं. सुनेनं मात्र कड्यांचं माप स्वतः घेतलं, आणि डॉक्टरिणीनं दिलेली रिकामी सुई हातात धरून पाहिली. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, मागं लाल गोंडा. असलं काही या घरात कधी शिवलं गेलं नव्हतं. तिला आतून काहीतरी उसळी मारत होतं. दुपारचं जेवायचंही ती विसरली.

"चार घरं करू सुयांना," ती म्हणाली. "ओल्या कातड्यात लाकडाची खुंटी घालून वाळवायची. सुई घट्ट बसेल, पण चिमटीत धरून ओढली की सुळकन येईल. झाकण बाहेरून आत नाही, आतून बाहेर उघडायचं. तुमच्या डाव्या हाताला."

"बंद कशानं करणार?"

"कातड्याचीच सुरळी करून गुंडी. कातड्यावर कातडं, वाजणार काय?"

सोमवारी कोपऱ्यात ठेवलेलं चांगलं नवं कातडं निघालं. सासऱ्यांनी ते एका दमात कापलं. रापी अशी गेली की लोण्यातून जावी. कान गेले होते, पण डोळे आणि मनगट जसंच्या तसं. सून आरीनं भोकं पाडत, दोन सुयांनी दुहेरी टाका घालत बसली. दोरा मेणात ओढला की बोटं पिवळी व्हायची. संध्याकाळपर्यंत डाव्या तर्जनीला दोन ठिकाणी आरी लागली, ती तिनं चोखली आणि पुढं शिवत राहिली. खाटेवर नवरा भिंतीकडे तोंड करून होता. चहा दिला तेव्हा त्यानं घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

मंगळवारी डॉक्टरीण पाहायला आली. पट्टा तपकिरी, सुंदर, खांद्यावर बोटभर रुंद होत जाणारा. दोन्ही कड्या मऊ कातड्यात गुंडाळून टाकलेल्या. सासऱ्यांनी बंदूक स्वतःच्या कानाशी नेऊन खडाखडा हलवली आणि विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडे पाहिलं.

"एक शब्द नाही."

"मामंजी, तुमच्याजवळ ढोल बडवला तरी एक शब्द नाही," सून म्हणाली. ते त्यांनी ऐकलं नाही म्हणून बरं झालं.

डॉक्टरिणीनं बंदूक अडकवली आणि अंगणात चालून पाहिलं. सुनेनं डोळे मिटले. पावलं ऐकू येत होती, कोंबडी ऐकू येत होती. पट्टा नाही. डॉक्टरीण बसली. उठली. बंदूक खांद्याला लावली. सुनेचा श्वास मोकळा होत होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"वाजतंय."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"बगलेत," नवरा म्हणाला. भिंतीआड, आढ्याकडे डोळे लावून. "बंदूक उचलताना. कुईं करतं."

डॉक्टरिणीनं पुन्हा बंदूक उचलली. हळू. सुनेनं कान पट्ट्याला लावला. खरंच होतं ते. दाराच्या बिजागरीसारखं, अगदी बारीक, पण होतं.

दोन दिवसांची मेहनत वाया गेली होती. सासरे विचारत राहिले, "काय झालं? काय झालं?" आणि कुणी सांगेना. शेवटी तिनं त्यांचा हात धरून पट्ट्यावर ठेवला आणि पट्टा वाकवला. बोटांखाली कंप लागला असावा. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी चरबी आणली, चोळली. पुन्हा कुईं. मेण चोळलं. कुईं.

डॉक्टरीण म्हणाली, "असू द्या. मी यालाच फडकं गुंडाळीन."

"फडकं झाडाला अडकेल," सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "थांबा तुम्ही. गुरुवार म्हणालात ना? अजून मंगळवार आहे."

डॉक्टरीण गेली. सून आत जाऊन खाटेसमोर उभी राहिली.

"खोड काढायला जीभ आहे. उपाय सांगायला नाही का?"

त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "नवं कातडं आहे, ते बोलणारच. ज्या कातड्यानं पंधरा वर्षं घाम प्यालाय, ते कशाला बोलेल?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग धावतच अंगणात गेली. उसवलेलं खोगीर अजून ढिगात पडलं होतं. बसायची जागा झिजून मखमल झालेली. तिनं एक पट्टी कापली, दुमडली, पिळली, कानाशी नेली. काही नाही. पुन्हा पिळली. काही नाही. दोन तुकड्यांच्या मागच्या लवदार बाजू एकमेकींवर घासल्या. मांजर चाललं तरी याहून आवाज होईल.

"अहो," ती आत येऊन म्हणाली, "हे बोलत नाही."

"मी सांगितलं ना."

"लांबी कमी पडते. तीन तुकडे जोडावे लागतील. जोड तिरपा पातळ करून घ्यावा लागेल, म्हणजे खांद्याला लागणार नाही. ते मला तुमच्यासारखं जमत नाही."

त्यानं छताकडे पाहिलं. मग हात पुढं केला. "रापी दे. ही नको, लहान."

बुधवारी पहाटेपासून घरात कुणाला उसंत नव्हती. सासरे अंगणात कापत होते. नवरा खाटेवर पाठीशी उशी घेऊन बसला. शिवताना काम दोन गुडघ्यांत धरायचं असतं, त्यानं ते प्लास्टरचा पाय आणि धडका पाय यांच्या चिमट्यात धरलं. प्लास्टर एरणीसारखं कामाला आलं. सासऱ्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर दोन्ही पाय प्लास्टरात घालून घेतले असते." नवरा हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

सून सुयांच्या घरांचं कातडं खुंट्यांवरून काढत होती. वाळून ते नेमकं बोटासारखं उभं राहिलं होतं. रिकामी सुई आत घातली, चिमटीनं ओढली. सुळकन आली. तिनं चारपाच वेळा तेच केलं. कामाला तेवढ्याची गरज नव्हती, पण हात थांबेना.

"गाठ मानेच्या उजव्या बाजूला असेल," नवरा मध्येच म्हणाला. तो दोऱ्याला मेण लावत होता. "आणि सुटं टोक दोन हात लांब. ते खडकात अडकतं. म्हणून चिडतं ते."

"बाईंनी सांगितलं का?"

"नाही."

तिचे हात थांबले. डॉक्टरिणीला टोक दिसलंच नव्हतं. केसांत आहे की तुटलंय कुणास ठाऊक, असं ती काल म्हणाली होती. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दोऱ्याकडे पाहत होता. दोऱ्यावर पुरेसं मेण कधीच लागलं होतं.

"तुम्ही साल आणायला गेला होतात," ती म्हणाली.

"सालच आणायला गेलो होतो."

"आणि?"

"आणि तार बघायला. डुकरासाठी लावली होती. घरात महिनाभर मांस शिजलं नव्हतं. गेलो तर त्यात हे. मला पाहिलं आणि खुंट्यासकट उपटून अंगावर आलं."

बाहेर सासऱ्यांची लाकडी मोगरी ठक ठक चालली होती. सुनेनं सुई कातड्यात खुपसली, दुसरीकडून ओढली, टाका आवळला. आणखी एक घातला. तिला बोलायचं होतं ते इतकं होतं की त्यातलं आधी काय बोलावं ते सुचेना.

"म्हणून ते मरायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली.

"मेलं की गळ्यातली तार कोण बघतंय."

"आणि तुमच्यानंतरचे ते दोघं. लाकूडतोड्या. आणि दूधवाल्याची आई. तिचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे."

त्याची मान इतकी खाली गेली होती की हनुवटी छातीला टेकली.

"उद्या बाई येतील," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. आणि तो जोड पुरा करा आधी."

त्यानं जोड पुरा केला. इतका सपाट की बोट फिरवलं तर तुकडा कुठं संपला ते कळेना.

गुरुवारी दुपारी डॉक्टरिणीनं पट्टा चढवला, सुयांची पिशवी डाव्या कमरेला बांधली आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वाकली, बसली, आडवी झाली, बंदूक उचलली. सून डोळे मिटून उभी. सासरे सगळ्यांच्या तोंडाकडे पाळीपाळीनं पाहत होते. डावा हात मागं न जाता, पोटावरून न फिरता, सरळ पिशवीवर गेला. गुंडी सुटली. सुई बाहेर. आत खाटेवरून शब्द नाही.

"अहो?" सुनेनं हाक मारली.

"बाई चालायला लागल्या का?" आतून प्रश्न आला.

डॉक्टरीण मटकन खाली बसली आणि हसायला लागली. सासऱ्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

मग नवऱ्यानं डॉक्टरिणीला आत बोलावलं. सून दाराशी थांबली. त्यानं सगळं सांगितलं, तारेची जाडी, गाठीची तऱ्हा, टोकाची लांबी. एकदाही बायकोकडे पाहिलं नाही. डॉक्टरिणीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"अशा आणखी किती लावल्यात?"

"चार. जागा ठाऊक आहेत."

"पाय बरा झाला की जंगलखात्याच्या रखवालदाराबरोबर जाऊन स्वतःच्या हातानं काढायच्या. आणि जबाब द्यायचा. लेखी."

"देतो."

"आधी अस्वल. मग तुमचं बघते." ती उठली आणि दाराशी आली. "ताई, माझा रखवालदार दम्यानं खोकतो. कालच लक्षात आलं, मागच्या वेळी डबी वाजली तेव्हा हा खोकलाही होता. दुसरी सुई हातात द्यायला मला शांत माणूस हवंय. येता?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना काय विचारलंय ते कळलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली. ते नेहमी तसंच करत.

झऱ्यासमोर, वाऱ्याच्या उलट बाजूला, फांद्यांचा आडोसा केलेला होता. दोघी पोटावर पालथ्या. ऊन अजून उतरायचं होतं, दगड तव्यासारखे. कोपराखाली खडा रुतत होता, पण तो काढायला हात हलवायची सोय नव्हती. मुंगी गळ्यावरून चढली, कानात गेली, परत आली. सुनेला वाटलं, आपलं काळीजच एवढं वाजतंय की अस्वलाला तेच ऐकू जाईल.

ते आलं तेव्हा दिसायच्या आधी ऐकू आलं. तारेचं टोक दगडांवरून खरडत होतं. मग झुडपातून काळं डोकं. मान एका बाजूला धरलेली, दुखऱ्या माणसानं धरावी तशी. ते पाण्यापाशी आलं, थांबलं, कान फिरवले.

डॉक्टरिणीनं बंदूक उचलायला सुरुवात केली. सुनेनं दात आवळले. पट्टा बगलेत दुमडला, तिच्या डोळ्यासमोर, वीतभर अंतरावर. तिला आपले टाके दिसत होते, आणि नवऱ्याचा जोड. अस्वलानं डोकं वळवून थेट आडोशाकडे पाहिलं. दोघींनी श्वास धरला. मग ते खाली वाकून पाणी प्यायला लागलं.

फट्.

अस्वल दचकून उडालं, कमरेपाशी लाल गोंडा हलला, आणि ते झुडपात शिरलं. सुनेनं दुसरी सुई काढून डॉक्टरिणीच्या तळहातावर ठेवलीही होती. तिची गरज पडली नाही. दहा मिनिटांनी ते तिथंच, शंभर पावलांवर, बाभळीखाली आडवं सापडलं.

रखवालदार मागून धावत, खोकत आला. डॉक्टरिणीनं अस्वलाच्या डोळ्यांवर फडकं टाकलं. "तार केसांत बुडालीय," ती म्हणाली. "ताई, कडेची कातडी ताणून धरा. कटर आत जायला जागा हवी."

सून गुडघे टेकून बसली. जखमेचा वास नाकात शिरला. ती आयुष्यभर कातड्यांत राहिली होती. मानेचं जाड असतं, पोटाचं पातळ, पाठीचं सगळ्यात चांगलं. हात आपोआप तसे पडले, दोन बोटं इकडे, अंगठा तिकडे, रापी घालायच्या आधी ताणतात तसं. पण हे गरम होतं. खालून काहीतरी सारखं हलत होतं, वर येत होतं, खाली जात होतं. कटर आत गेला, कट् वाजलं, तार सुटली. डॉक्टरिणीनं ती उपसून काढली, जखम धुतली, औषध भरलं.

"सोडा आता."

सुनेनं बोटं काढली. ताणलेली कातडी आपण होऊन मागं सरकली आणि जागेवर जाऊन बसली. तिनं ते पाहिलं आणि पुन्हा चिमटीत धरून सोडली. पुन्हा सरकली. तिच्या हाताखालचं कातडं आजवर ताणलं की ताणलेलंच राहिलं होतं.

"ताई, चला. भूल उतरवायचं औषध दिलंय."

गाडीत बसून त्यांनी काचेतून पाहिलं. अस्वल उठलं, पडलं, उठलं. मान झटकली. मग दोन्ही बाजूंना वळवून पाहिली, उजवीकडे, डावीकडे, बराच वेळ. आणि डोंगराच्या दिशेनं निघून गेलं. रखवालदाराला खोकल्याची उबळ आली होती, ती तो तोंडावर टोपी धरून दाबत होता. आता काही गरज नाही, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

घरी आली तेव्हा सासरे फाटकाशी उभे होते. "शिवण?" त्यांनी लांबूनच विचारलं. तिनं दोन्ही हात वर करून दाखवलं, शाबूत. ते लगबगीनं शेजाऱ्याला सांगायला गेले.

नवरा खाटेवर बसला होता. दिवा लावलेला नव्हता, पण खिडकीतून अजून उजेड येत होता. तिनं तारेचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"मान कशी आहे त्याची?" त्यानं विचारलं. "जगेल का ते?"

ती त्याच्याशेजारी टेकली. त्याचा हात मांडीवर घेतला, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली, वर ओढली आणि सोडली.

"अशी आहे," ती म्हणाली.

तो आपल्या हाताकडे पाहत राहिला.